तिसरा डोळा आणि चौथी भिंत

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या जिन्यात कॅमेरा बसवण्याच्या ठरावावर माझीही सही आहे, हे आधीच सांगून टाकतो. दोन सायकली चोरीला गेल्या होत्या आणि सभेत कुणीच विरोध केला नाही. सायकली आजतागायत सापडल्या नाहीत. कॅमेऱ्यात सापडल्या त्या चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एक बाई. दुपारी जिन्याच्या पायरीवर त्या दहा मिनिटे टेकल्या होत्या. तेवढा तुकडा कुणीतरी संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला आणि खाली शेरे पडले. दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, “दादा, चोर धरायला लावलाय म्हणालात ना? मग मी बसले ते कशाला दाखवलंत सगळ्यांना?” मला उत्तर देता आले नाही. ते शोधताना जे वाचले, त्यातून हा लेख झाला आहे.

सुरुवात आपल्या भाषेपासून करतो. ‘शहरावर तिसऱ्या डोळ्याची नजर’ हा मथळा मराठी वाचकाच्या चांगला परिचयाचा आहे. पण ही उपमा जरा तपासून पाहिली तर टिकत नाही. शंकराचा तिसरा डोळा एरवी मिटलेला असतो. तो उघडणे ही अपवादाची घटना. मदन जळाला तेव्हा तो कुणी उघडला, कशासाठी उघडला, हे त्रैलोक्याला कळले. कॅमेऱ्याचा डोळा कधीच मिटत नाही, आणि त्यामागून कोण पाहतो, हे मात्र कुणालाच ठाऊक नसते. तरीही आपण यंत्राला देवाचे नाव दिले. देवाला जाब विचारायची पद्धत आपल्याकडे नाही; त्यामुळे यंत्रालाही कुणी विचारत नाही.

जाब विचारण्याचा एक विलक्षण प्रयत्न न्यूयॉर्कमध्ये झाला, तोही नाटकातून. बिल ब्राऊन आणि त्यांच्या मित्रांनी १९९६ साली ‘सर्व्हेलन्स कॅमेरा प्लेअर्स’ नावाची मंडळी उभी केली. त्यांची रंगभूमी म्हणजे भुयारी रेल्वेची स्थानके आणि रस्ते. त्यांचा प्रेक्षक म्हणजे तिथला पाळतीचा कॅमेरा. पहिला प्रयोग आल्फ्रेड जारीच्या ‘उबू रोआ’चा होता. पुढे ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी आणि बेकेटचे ‘वेटिंग फॉर गोदो’ यांचीही त्यांनी अशीच छोटी रूपे केली. कॅमेऱ्याला ऐकू येत नाही, म्हणून संवाद मोठ्या अक्षरांत पाट्यांवर लिहिलेले असत. नट पाट्या धरून उभे राहत. रस्त्यावरचे लोक थांबत, वाचत, मग वर पाहत. काही वेळा पोलीस येऊन हटकत, आणि मग तेही नाटकातले एक पात्र होऊन जात.

पथनाट्याची परंपरा आपल्याला नवी नाही. बादल सरकारांनी प्रेक्षक आणि नट यांच्यातले अंतर काढून टाकले. पथनाट्यात प्रेक्षक रिंगणातच असतो. न्यूयॉर्कच्या या प्रयोगांत नेमके उलटे आहे. इथे ज्याच्यासाठी नाटक चालले आहे तो प्रेक्षक काचेपलीकडे आहे. तो टाळी वाजवू शकत नाही, उठून जाऊ शकत नाही, किंबहुना तो आहे की नाही हेच कळत नाही. रंगमंचावरची चौथी भिंत मानीव असते, इथली खरी आहे. या मंडळींचे श्रेय असे, की ती भिंत त्यांनी भर रस्त्यात लोकांना दाखवून दिली. वर मान करून न पाहणाऱ्याला पाहायला लावणे हे कलेचे जुनेच काम आहे आणि ते त्यांनी केले.

तरीही या प्रयोगांत मला एक मोठी उणीव दिसते. त्यांचे सगळे नाट्य ‘पलीकडे कुणीतरी बघतो आहे’ या गृहीतावर उभे आहे. ऑर्वेलकडून घेतलेले हे गृहीत अर्धेच खरे आहे. बहुतेक कॅमेऱ्यांमागे त्या क्षणी कुणीही बसलेले नसते. चित्रण साठत राहते आणि ज्याच्या हाती किल्ली असेल तो सवडीने हवा तो तुकडा काढतो. आमच्या जिन्यात त्या बाईंना दुपारी कुणीही पाहिले नव्हते. पाहिले ते रात्री, मोबाइलवर, चाळीस घरांनी. तेव्हा पाहणाऱ्या डोळ्याची भीती दुय्यम ठरते. खरा प्रश्न साठवणाऱ्या पेटीचा आणि तिच्या किल्लीचा आहे. पेटीपुढे नाटक करून काही होत नाही. कॅमेऱ्याशी बोलता बोलता या मंडळींचा कॅमेरा लावणाऱ्यांशी बोलण्याचा धागा सुटला.

आकडेही हेच सांगतात. न्यूयॉर्कमधील नागरी स्वातंत्र्य संघटनेच्या स्वयंसेवकांनी १९९८ मध्ये मॅनहटन पायी फिरून दिसतील ते कॅमेरे मोजले. ते २,३९७ भरले. त्यातले चौदाव्या रस्त्याच्या दक्षिणेला ७६९ होते. २००५ मध्ये तेवढ्याच भागात पुन्हा मोजणी झाली, तेव्हा आकडा ४,१७६ वर गेला होता. मधल्या काळात सप्टेंबर २००१ येऊन गेला होता. ब्राऊन स्वतः लोकांना घेऊन कॅमेरे दाखवत फिरायचे, नकाशे काढायचे. मला त्यांच्या नाटकांपेक्षा हे काम अधिक टिकाऊ वाटते. नकाशा हातात आला की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो : हा कॅमेरा कुणाचा?

हा प्रश्न शेवटपर्यंत विचारला गेला तो इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये. २०१० च्या सुमारास तिथल्या स्पार्कब्रुक आणि वॉशवूड हीथ या मुख्यतः मुस्लिम वस्तीच्या भागांत कॅमेऱ्यांचे कडे उभे राहू लागले. वाहनांचे क्रमांक टिपणाऱ्या या यंत्रणेतून नजर चुकवून वस्तीत येणे-जाणे अवघड व्हावे, अशी रचना होती. कॅमेरे दोनशेहून अधिक, त्यांपैकी ७२ लपवलेले. ही व्यवस्था गुन्हे आणि गुंडगिरी आटोक्यात आणण्यासाठी आहे, असे रहिवाशांना सांगण्यात आले. जून २०१० मध्ये ‘द गार्डियन’ने उघड केले, की यासाठीचे तीस लाख पौंड दहशतवादविरोधी निधीतून आले आहेत. मग सभा भरल्या. रहिवाशांनी पोलिसांना समोरासमोर उत्तरे मागितली. ‘लिबर्टी’ या संघटनेने कोर्टात जाण्याचा इशारा दिला. कॅमेऱ्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवण्यात आल्या. टेम्स व्हॅलीच्या पोलीसप्रमुख सारा थॉर्नटन यांनी स्वतंत्र चौकशी केली आणि त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या पोलिसांच्या कारभारावर सडकून टीका करणारा अहवाल दिला. लोकांना विश्वासात घेतले नाही, कायद्याचा पुरेसा विचार झाला नाही, असा त्याचा मथितार्थ. पोलिसांनी माफी मागितली. २०११ मध्ये, एकदाही चालू न होता, कॅमेरे उतरवले गेले.

समीक्षकाच्या नजरेने पाहिले तर बर्मिंगहॅमच्या लोकांनी चौथी भिंतच पाडली. त्यांनी कॅमेऱ्यासमोर काहीही केले नाही. कॅमेऱ्यामागच्या माणसांना त्यांनी सभागृहात आणून लोकांपुढे उभे केले. त्यांचा सवाल ‘आम्हाला का पाहता?’ एवढाच नव्हता. ‘पैसा कुणाचा, ठरवले कुणी, आणि आम्हाला खोटे का सांगितले?’ हे त्यांना हवे होते. पहिल्या सवालाला ‘तुमच्याच सुरक्षेसाठी’ हे तयार उत्तर असते. दुसऱ्याला कागद दाखवावे लागतात.

इथे एक न्याय्य आक्षेप येतो आणि तो डावलता येत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर जे घडले, त्याचे चित्रण खटल्यात पुरावा ठरले. त्यानंतर मुंबईवर कॅमेऱ्यांचे जाळे पसरले, त्यामागे खरी जखम होती. त्या जखमेची थट्टा करण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण बर्मिंगहॅमच्या रहिवाशांचे म्हणणे सुरक्षेच्या विरोधात नव्हतेच. एका कामासाठी आणलेले यंत्र दुसऱ्याच कामाला जुंपले जाते, आणि त्याचा भार नेहमी विशिष्ट वस्तीवर पडतो, हे त्यांचे दुखणे होते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. हैदराबादचे कार्यकर्ते एस. क्यू. मसूद यांनी त्याच आधारे चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेला तेलंगणा उच्च न्यायालयात आव्हान दिले. टाळेबंदीच्या काळात पोलिसांनी रस्त्यात अडवून, मास्क काढायला सांगून त्यांचा फोटो घेतला होता. तो फोटो कुठे गेला, हा त्यांचा साधा प्रश्न. आमच्या बाईंचाही जवळपास हाच होता.

न्यूयॉर्कचे नट आणि बर्मिंगहॅमचे रहिवासी यांच्यात निवड करायची झाली तर मी रहिवाशांकडे जाईन. पण नटांचे ऋण मान्य करूनच. आधी कुणीतरी वर बोट दाखवावे लागते.

गेल्या वार्षिक सभेत मी तीन ठराव मांडले. चित्रण पाहण्याचा अधिकार दोघांनाच असावा आणि पाहिल्याची नोंद वहीत व्हावी. पंधरा दिवसांनंतर ते पुसले जावे. आणि त्या बाईंची संस्थेने लेखी माफी मागावी. पहिले दोन मंजूर झाले. तिसऱ्याला सूचक मी होतो, अनुमोदक मिळाला नाही. माफीचे पत्र मग मी माझ्या एकट्याच्या सहीने लिहिले आणि त्यांना वाचून दाखवले. त्यांनी ते घडी घालून कनवटीला लावले आणि विचारले, “बाकीच्यांच्या सह्या कुठायत?”