उराकामीच्या घंटा आणि होमबलीचा अर्थ

डॉ. ताकाशी नागाई यांचे ‘नागासाकीच्या घंटा’ हे पुस्तक १९४९ साली जपानमध्ये प्रसिद्ध झाले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीच्या उराकामी भागावर अणुबॉम्ब फुटला. तेथील सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी ८,५०० मृत्युमुखी पडले, असे मानले जाते. नागाई हे क्ष-किरणशास्त्राचे प्राध्यापक. पत्नी मिदोरी गेली, स्वतः जखमी झाले, तरी ते रुग्णसेवेत राहिले. त्यांचे कथन संयत आहे, आणि म्हणूनच विदारक.

तथापि पुस्तकातील एका विचारापाशी आम्ही अडखळतो. मृतांसाठी झालेल्या मिस्साप्रसंगी केलेले आपले भाषण नागाईंनी त्यात दिले आहे. उराकामी हे देवाने निवडलेले निष्कलंक कोकरू. त्याच्या होमबलीने युद्ध संपले, असा त्याचा आशय आहे. विमानाचे मूळ लक्ष्य कोकुरा होते. ते नीट न दिसल्याने विमान नागासाकीकडे वळले. नागाईंना त्यात ईश्वरी योजना दिसते.

शोकाकुल माणसाने आपले दुःख प्रभूचरणी वाहावे, हा त्याचा अधिकार आम्ही नाकारीत नाही. पण प्रभू येशूने स्वतःस स्वेच्छेने अर्पिले. उराकामीच्या मुलांना कोणी विचारले होते? आब्राहामाचा उगारलेला हात तर देवानेच थांबविला. ‘होमबली’ म्हणताच बॉम्ब टाकणारा हात वाक्यातून नाहीसा होतो.

अमेरिकी ताबा-प्रशासनाने मनिलातील जपानी अत्याचारांचा वृत्तांत पुस्तकाला जोडावयास लावला. मनिलाचे मृत खरेच होते. परंतु एका नगरीचे ऋण दुसऱ्या नगरीच्या लेकरांकडून वसूल होत नाही. नागाईंच्या लेखी ती आहुती, प्रशासनाच्या लेखी परतफेड. दोन्हींत अपराधाचा प्रश्न मात्र मागे पडतो.

बॉम्बमुळेच युद्ध संपले की त्याच दिवशी सोव्हिएत रशियाने केलेल्या चढाईमुळे, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. मात्र नैतिक निवाडा त्यावर अवलंबून नाही. संपूर्ण नगरांचा सरसकट संहार हा देवाविरुद्ध व मानवाविरुद्ध अपराध होय, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले. युद्ध लवकर संपावे, या हेतूलाही तिने सवलत दिली नाही.

पुस्तकाच्या अखेरीस घंटा वाजते आणि अणुबॉम्बने उद्ध्वस्त झालेली उराकामी ही शेवटचीच ठरो, अशी प्रार्थना येते. जे पुन्हा घडू नये म्हणून देवाला साकडे घालावे लागते, ते देवानेच मागितले होते, असे कसे म्हणावे? नागाईंच्या भाषणापेक्षा त्यांची ही प्रार्थनाच आम्हांस अधिक सत्य वाटते. वाचकांनी हे पुस्तक अवश्य वाचावे. मात्र त्यातील सांत्वन मृतांच्या आप्तांसाठी आहे, बॉम्ब टाकणाऱ्यांसाठी नव्हे, हे ध्यानी ठेवावे.