विहिरीवरचा प्रश्न

दरवर्षी चैत्र-वैशाख आला की शहापूर तालुक्यातील पाड्यांवर मुंबईच्या वृत्तवाहिन्यांचे प्रतिनिधी दिसू लागतात. आटलेली विहीर, डोईवर हंडे घेतलेली बाई, तिच्या तोंडापुढे धरलेला माईक आणि ठरलेला प्रश्न: ‘मावशी, किती त्रास होतो?’ मावशी ‘लय त्रास होतो’ म्हणते आणि मंडळी गाडीकडे वळतात. या मुलाखतींची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. त्या झाल्या नसत्या तर कित्येक ठिकाणी टँकर आणखी उशिरा पोहोचले असते, हेही संभवते. तथापि मुलाखत घेणे ही एक विद्या आहे, आणि विद्या म्हटली की तिचे परीक्षण आलेच.

आमचा मुख्य आक्षेप एकच. माहिती अभियंत्यास विचारावयाची आणि भावना बाईस, अशी जी वाटणी या मुलाखतींत रूढ झाली आहे ती आम्हांस सर्वथा चुकीची वाटते. विहीर कोणत्या महिन्यात तळ गाठते, टँकर तीत रिता झाल्यावर घरटी किती हंडे मिळतात, कोणाची पाळी चुकते, पाण्यापायी कोणती मजुरी बुडते, हे सारे त्या बाईस खडान्‌खडा ठाऊक असते. तिला ते कोणी विचारीत नाही, याचे कारण प्रश्नकर्ता स्वतःच कोरा आलेला असतो. १८९२ साली पुरे झालेले तानसाचे धरण याच तालुक्यात आहे. मोडकसागर येथेच, आणि मुंबईस सुमारे निम्मे पाणी पुरविणारे भातसाही येथेच. पाऊस उदंड, पण सह्याद्रीचा काळा पाषाण तो धरून ठेवीत नाही. एवढे ज्यास ठाऊक असेल तो ‘त्रास’ विचारणार नाही; ‘धरण दिसते त्या गावात नळ का नाही, याचे तुम्हांस काय उत्तर मिळाले?’ असे विचारील.

मुरबाड-शहापूरकडील कातकरी कुटुंबांविषयी तर तयारीवाचून काहीच साधत नाही. दिवाळीनंतर त्यांतील पुष्कळशी वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. वैशाखात पाड्यावर गेलेल्या प्रतिनिधीस ती भेटावीत कशी? शिवाय त्यांची बोली निराळी. छापील मराठीत विचारलेल्या प्रश्नास दोन शब्दांचे उत्तर आले की आम्ही शहरी लोक त्यांस अबोल ठरवितो. आदल्या दिवशी कॅमेऱ्यावाचून जाऊन घटकाभर ओटीवर बसले, तर हा अबोलपणा बराचसा आपलाच होता असे आढळून येईल. उत्तरानंतर क्षणभर गप्प राहण्याचे धैर्यही हवे. खरे वाक्य पुष्कळदा त्या स्तब्धतेनंतर येते.

हा दोष आमच्याकडचाच आहे असे नव्हे. १९३५ साली एडगर अँस्टी व आर्थर एल्टन यांनी ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ हा बोलपट काढला. पैसा गॅसच्या व्यवसायाचा होता, हे ध्यानात ठेवावे. ध्वनियंत्र लंडनच्या स्टेपनी भागातील कोंदट खोल्यांत नेऊन तेथील भाडेकऱ्यांस बोलते करण्यात आले. उंदीर, जिने, ओल यांविषयी ती माणसे इतकी नेमकी बोलतात की प्रश्नकर्त्याची उणीव भासत नाही. त्या काळी हे मोठेच साहस होते. परंतु दुःख भाडेकऱ्यांनी सांगावे आणि योजनेचे विवेचन नगरसेवक व जाणकारांनी करावे, ही वाटणी तेथेही सुटली नाही.

ती सुटावी म्हणून एखाद्या वाहिनीने येत्या वैशाखात प्रश्नांची अदलाबदल करून पाहावी. आटलेली विहीर पाहून कसे वाटते, हे अभियंत्यास विचारावे. आणि टँकरच्या फेऱ्यांच्या नोंदीवर सही कोण करतो, हे त्या बाईस.