एकगठ्ठा वर्गणी आणि ग्रंथनिवडीचा विवेक

ग्रंथालयाची योग्यता त्यातील ग्रंथसंख्येवरून नव्हे, तर निवडीवरून ठरते. द्रव्य थोडे आणि प्रकाशने अगणित, अशा स्थितीत काय घ्यावे व काय वगळावे, हा विवेक हेच ग्रंथपालाचे खरे कार्य होय. संशोधनपर नियतकालिकांच्या वाढत्या वर्गणीने पहिला आघात केला आहे तो या विवेकावरच.

या वाढीचे मूळ त्या व्यवहाराच्या विलक्षण रचनेत आहे. लेखक व परीक्षक बहुधा मोबदला घेत नाहीत. त्यांचे वेतन विद्यापीठे देतात. आणि तेच लेखन विद्यापीठांना पुन्हा विकत घ्यावे लागते. शिवाय एका नियतकालिकाची गरज दुसऱ्याने भागत नाही. त्यामुळे किमतीस स्पर्धेचा लगाम राहत नाही. हा भार पेलवेनासा झाल्याचे हार्वर्डसारख्या संपन्न विद्यापीठातील सल्लागार मंडळानेही २०१२ मध्ये अध्यापकांस कळविले होते.

१९९० नंतरच्या दशकात यावर एकगठ्ठा वर्गणीचा उपाय निघाला. प्रकाशकाची बहुतेक सर्व नियतकालिके एकाच करारान्वये मिळू लागली, आणि प्रत्येकीमागील खर्च उतरलेला दिसू लागला. परंतु गठ्ठा सोडविता येत नाही. अंदाजपत्रक आक्रसले की कात्री लागते ती ग्रंथखरेदीला आणि छोट्या नियतकालिकांना. ही हानी हिशेबाच्या वहीत दिसत नाही, म्हणूनच ती अधिक गंभीर होय.

नकार देणे अशक्य नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ मध्ये एल्सेव्हिअरशी चाललेली बोलणी थांबविली. २०२१ मध्ये नवा करार झाला, तो मुक्त प्रकाशनाची तरतूद करूनच. अध्यापकांचे पाठबळ नसते, तर ग्रंथालयास हे साधले नसते.

भारताने सामुदायिक खरेदीचा मार्ग पत्करला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक शासकीय संस्थांस उपलब्ध व्हावयाची आहेत. आडगावच्या शासकीय महाविद्यालयातील अभ्यासकाच्या दृष्टीने हा लाभ निःसंशय मोठा आहे. तथापि हे प्रकाशक आंतरराष्ट्रीय आहेत. मराठी भाषा-साहित्याच्या संशोधकास लागणारी छोटी नियतकालिके व त्यांचे जुने अंक ग्रंथालयाने स्वतःच्या निधीतूनच मिळवावयाचे आहेत. केंद्राने वर्गणी भरली म्हणून तो निधी छाटला गेला, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होईल.

वाचक आणि त्याचा ग्रंथ यांची गाठ घालणे, हे रंगनाथनांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पंचसूत्रीचे मर्म आहे. ती गाठ कोणता गठ्ठा परस्पर घालून देणार नाही. वाचलेला पैसा निवडीसाठी राखून ठेवणे, हीच या योजनेची खरी कसोटी ठरेल.