कॅनडाच्या नाण्यांवरील साल, पान व ठिपका

नाण्यावर जें साल असेल त्याच सालीं तें पाडलें गेलें, हा समज संग्राहकांत अजून दृढ आहे. वास्तविक आपल्याकडील नाणीं ज्यांनीं हाताळलीं आहेत त्यांना या समजाचा फोलपणा सांगावयास नको. कंपनी सरकारच्या फर्रुखाबादी रुपयावर शाहआलमचें जुलूस-वर्ष ४५ कायम करून टाकलें होतें, व बादशहा मरून गेल्यावरहि तें तसेंच उमटत राहिलें. घरच्या रुपयाविषयीं बाळगलेली ही सावधगिरी परदेशी नाणें हातीं येतांच आपण विसरतों. कॅनडाच्या जुन्या नाण्यांच्या मौल्यवान जाती ओळखण्याची जी रीत रूढ आहे, ती म्हणजे साल पाहावें, सालाजवळची खूण पाहावी आणि यादींतील किंमत वाचावी. आमच्या मतें ही रीत अपुरी आहे. खूण टांकसाळींत कां व केव्हां घातली गेली हें ठरल्यावांचून जात सिद्ध होत नाहीं. याचीं तीन उदाहरणें घेऊं.

पहिलें उदाहरण मेपल पानाचें. १९३७ पासून कॅनडाच्या नाण्यांवर सहाव्या जॉर्जच्या मुखवट्याभोंवतीं जो लॅटिन लेख असे, त्याच्या शेवटीं ‘हिंदुस्थानचा बादशहा’ या अर्थाचीं संक्षिप्त अक्षरें होतीं. ता. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं हिंदुस्थान स्वतंत्र झाला व तीं अक्षरें गाळणें प्राप्त झालें. नवीन लेखाचें ठशांचें साहित्य लंडनहून येण्यास विलंब लागला. इकडे १९४८ च्या आरंभीं कॅनडांत नाण्यांची निकड होती. तेव्हां ओटावाच्या टांकसाळीनें १९४७ चेच ठसे चालू ठेविले, मात्र नाणीं पुढल्या सालचीं आहेत हें कळावें म्हणून सालापुढें मेपलचें बारीक पान घातलें. एका सेंटापासून डॉलरपर्यंत सर्व नाण्यांवर हें पान आढळतें. पानाचे डॉलर २१,१३५ पाडले गेले. १९४८ हें साल असलेले डॉलर अवघे १८,७८०. येथें खूण, तिचें कारण व टांकसाळीचा हिशेब या तिन्हींचा मेळ बसतो. म्हणून ही जात निर्विवाद होय. आपल्या स्वातंत्र्याचा एक चिमुकला दस्तऐवज ओटावाच्या चांदीवर उमटलेला आहे, हेंहि वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

दुसरें उदाहरण याच सालच्या ठिपक्याचें. १९४७ च्या पांच सेंटांच्या कांहीं नाण्यांवर सालाशेजारीं एक ठिपका दिसतो. यालाहि स्वतंत्र जात मानून अधिक किंमत दिली जाते. परंतु हा ठिपका कोणी हेतुपुरस्सर दिलेला नसून झिजलेल्या ठशाचा परिणाम असावा, असें जाणकार मानतात. पानाच्या नाण्यावर टांकसाळ स्वतः बोलते. ठिपक्याच्या नाण्यावर केवळ लोखंड झिजल्याचें दिसतें. दोहोंस एकाच पंक्तींत बसविणें म्हणजे लेखकाची दुरुस्ती आणि कसरीचें भोंक यांस सारखेंच पाठभेद समजणें होय.

तिसरें उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. पांचवा जॉर्ज जानेवारी १९३६ मध्यें वारला, व त्याच वर्षीं डिसेंबरांत आठव्या एडवर्डनें राज्यत्याग केला. त्याच्या मुखवट्याची तयारी वायां जाऊन सहाव्या जॉर्जचे ठसे नव्यानें करावे लागले. त्यामुळें १९३७ च्या आरंभीं ओटावास पांचव्या जॉर्जचेच १९३६ चे ठसे, सालाखालीं ठिपका देऊन, वापरण्याची पाळी आली. अशीं पंचवीस सेंटांचीं नाणीं व्यवहारांत आलेलीं सांपडतात. एका सेंटाचीं मात्र टांकसाळीच्या हिशेबांत ६,७८,८२३ नमूद असतां माहीत आहेत तीं तीनच! नुसत्या कागदावर विसंबणारा येथें फसेल, कारण हिशेबांतील आंकडा म्हणजे लोकांच्या हातीं गेलेल्या नाण्यांची संख्या नव्हे. नुसत्या खुणेवर विसंबणाराहि फसेल. १९३६ चा साधा सेंट विपुल आहे व त्यावर मागाहून ठिपका बसविण्याचा मोह सहज होण्यासारखा आहे. ठशांतून आलेला ठिपका भोंवतालच्या पृष्ठाशीं एकजीव असतो. चिकटविलेल्याच्या बुडाशीं भिंगाखालीं सांधा दिसतो, व खरवडून उठविलेल्याभोंवतीं पृष्ठ खोलगट झालेलें असतें.

तात्पर्य, संग्राहकानें नाण्यास तीन प्रश्न विचारावे. खूण ठशांतली आहे काय? ती बुद्ध्या घातली काय? आणि तिच्याविषयींचा हिशेब हातांतल्या नाण्यांशीं जुळतो काय? तिन्हींचीं उत्तरें मिळेपर्यंत नोंदवहींत ‘जात’ हा शब्द न लिहितां केवळ खुणेचें वर्णन लिहावें. किंमतींत झालेली चूक एका खिशापुरती असते. नोंदवहींत शिरलेली चूक पुढील अभ्यासक पुरावा म्हणून उतरून घेतो.