‘डीटूर’ : तकदिरीवर फोडलेले खापर

एडगर उल्मर यांचा ‘डीटूर’ (१९४५) हा जेमतेम ६८ मिनिटांचा चित्रपट. स्वस्तातले चित्रपट काढणाऱ्या पीआरसी या छोट्या हॉलिवूड कंपनीने तो काढला. बडे नट नाहीत, भव्य सेट नाहीत. न्यूयॉर्कचा रस्ता दाखवताना उल्मर यांनी दाट धुक्यावर भागवले आहे. तो सहा दिवसांत पुरा झाला, ही आख्यायिका मात्र अभ्यासकांनी आता मोडीत काढली आहे.

अल रॉबर्ट्स (टॉम नील) हा क्लबात पियानो वाजवणारा कलावंत. प्रेयसी हॉलिवूडला गेलेली. खिसा रिकामा, म्हणून हा वाटेतल्या मोटारींना हात दाखवत तिच्याकडे निघतो. त्याला गाडीत घेणारा हॅस्केल वाटेतच मरतो. आपल्यावर कोण विश्वास ठेवणार, या धास्तीने अल प्रेत झुडपात लपवतो आणि त्याचे कपडे, पैसे, गाडी, नावही घेतो. पुढे व्हेरा नावाची बाई भेटते. ती हॅस्केलला ओळखत असते. तिच्या धमक्यांच्या फासात अल अडकतो आणि अखेर तीही त्याच्याच हातून मरते. त्याच्या म्हणण्याप्रमाणे, नकळत.

हे सारे आपल्याला सांगतो तो अलच. दोन मृत्यू, आणि साक्षीदार एकही नाही. म्हणून काही समीक्षक त्याला खोटारडा ठरवतात. मला तो मुद्दा दुय्यम वाटतो. त्याचा शब्द न् शब्द खरा धरला, तरी प्रश्न उरतोच. फाटक्या माणसाला पोलिसांची वाटणारी भीती खोटी नाही. उल्मर तिची थट्टा करत नाहीत. परंतु व्हेराला गाडीत घ्यायला अलला कोणी भाग पाडले होते? तिथे धास्ती नव्हती. तिथे त्याची स्वतःची निवड होती. तरीही तो दोष देतो तकदिरीला.

तकदीर हा शब्द आपल्या घरादारांतला. त्याने सोसायला बळ मिळते. पण सोसणे वेगळे आणि आपल्या करणीचे खापर तकदिरीवर फोडणे वेगळे. ‘डीटूर’ ही रेघ स्पष्ट दाखवतो, आणि तीही उपदेश न करता.

अॅन सॅव्हेजची व्हेरा हा चित्रपटाचा प्राण आहे. तिची जळजळीत जीभ आणि मधूनच येणारा खोकला विसरता येत नाही. त्या मानाने प्रेयसीचे पात्र फिके उतरले आहे. शेवटी पोलिसांची गाडी अलला उचलून नेते. गुन्हेगार मोकळा सुटता कामा नये, हा तेव्हाच्या निर्मिती-संहितेचा दंडकच होता. पण इथे तो दंडक कथेला परका वाटत नाही. अलने तो दरवाजा मनातल्या मनात कितीदा तरी उघडलेला असतो.

१९९२ साली या चित्रपटाची अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत निवड झाली. गरिबीत जन्मलेल्या कलाकृतीला उशिरा का होईना, न्याय मिळाला.