वसंत कानेटकर : कादंबरीकार आणि अध्यापक

वसंत कानेटकरांच्या कादंबऱ्या म्हणजे त्यांच्या नाटकांची पूर्वतयारी, असा निवाडा समीक्षेत रूढ झाला आहे. तो सोयीचा आहे. न्याय्य मात्र नाही.

कवी गिरीश यांचे हे चिरंजीव. नाशिकच्या हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालयात त्यांनी प्रदीर्घ काळ अध्यापन केले. 'घर', 'पंख' आणि 'पोरका' या कादंबऱ्या नाटककार म्हणून लौकिक होण्यापूर्वीच्या. मर्ढेकरांनी 'रात्रीचा दिवस' (1942) मध्ये योजिलेली संज्ञाप्रवाहाची पद्धती पुढे चालविणाऱ्या मोजक्या लेखकांत 'घर'च्या कर्त्याची गणना होते. या पद्धतीला मराठीत एक भाषिक अडचण आहे व तिची चर्चा क्वचितच होते. मराठी वाक्याचा भार अंती येणाऱ्या क्रियापदावर असतो. काळ, पुरुष, लिंग, वचन बहुधा तेथेच उलगडते. विचार तुटताच वाक्य क्रियापदापूर्वीच तुटते, आणि विचार कोणाचा, केव्हाचा, हे वाचकास उमगेनासे होते. वाक्ये पूर्ण करावीत, तर प्रवाहाचा आभास मावळतो.

रंगभूमीवर ही अडचण उरत नाही. अपुऱ्या वाक्यामागे नटाचा देह व स्वर उभा असतो. 'वेड्याचे घर उन्हात' (1957) मधील दादासाहेबांचे दुभंगलेले मन पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनच्या प्रयोगात श्रीराम लागूंनी साकार केले. कादंबरीकाराचाच प्रश्न येथे दुसऱ्या माध्यमात सोडविला गेला आहे. तेव्हा कानेटकरांनी कादंबरी टाकून नाटक धरले, हे म्हणणे अर्धेच खरे.

कादंबरीकाराचा खरा प्रतिस्पर्धी नाटककार नसून अध्यापक होता. 'प्रेमा तुझा रंग कसा' (1961) मधील प्रा. बल्लाळ, 'अश्रूंची झाली फुले' (1966) मधील विद्यानंद, 'हिमालयाची सावली' (1972) मधील नानासाहेब भानू : शिक्षकांची ही मालिका योगायोगाची नव्हे. (वर्गात वाक्य अर्धवट सोडण्याची मुभा नसते, हे कोणाही प्राध्यापकास ठाऊक आहे.) त्या सवयीचे कानेटकरांच्या संवादांवरील ऋण मोठे आहे : तोल, चढण, टाळीची नेमकी जागा. परंतु तिची किंमतही मोजावी लागली. विद्यानंदांच्या नाटकात पात्रे स्वतःच्या भावनेवर स्वतःच भाष्य करू लागतात, आणि प्रेक्षकास शोधण्याजोगे थोडेच उरते. 'रायगडाला जेव्हा जाग येते' (1962) अधिक टिकाऊ वाटते, कारण शिवाजी व संभाजी या पितापुत्रांना एकमेकांशी जे बोलता येत नाही, त्यावरच ते नाटक उभे आहे. 1988 साली ठाण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद लाभले ते नाटककाराला. 'घर' मात्र अभ्यासकांच्या तळटीपांतच राहिली.