नारिंगी पट्टी

जेजुरीचा भंडारा करडा कसा असू शकतो, हे मला कुणीतरी एकदा समजावून सांगावं. सोमवती अमावास्या झाली की आठवडाभरात फोटोंचा पूर येतो, आणि अलीकडे त्यातले बरेचसे काळेपांढरे असतात. गडाच्या पायऱ्या, वर गेलेले हात, हवेत उधळलेली हळद. फक्त ती हळद आहे हे आपण आपल्या पदरचं घालून समजून घ्यायचं; फोटोत दिसते ती खडी क्रशरवरची धूळ. काढणाऱ्याने फोटो रंगीतच काढला होता. त्याच्या कॅमेऱ्यात तो पिवळाधमक होता. घरी येऊन त्याने तो पिवळा पुसला आणि खाली श्रद्धा, काळ, अनंत वगैरे एक ओळ लिहिली.

वारीची गोष्ट वेगळी. वारकरी मुळातच काळ्यापांढऱ्यात बसतो. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी, कपाळावर गोपीचंदन आणि त्यावर काळा बुक्का. रंग काढून घेतला तर पताकांचा भगवा आणि बायकांची लुगडी तेवढी बुडतात, बाकीच्याला धक्का लागत नाही. म्हणून दिवे घाटाचे काळेपांढरे फोटो अजून पाहवतात, दर आषाढीला तेच वळण आणि तोच ढग असला तरी. खंडोबाचं तसं नाही. तिथे पिवळा हीच घटना आहे.

छायाचित्रकार रघुबीर सिंग यांनी १९९८च्या ‘रिव्हर ऑफ कलर’ या पुस्तकात या वादाचा निकालच लावून टाकला होता: काळंपांढरं हे पश्चिमेच्या अपराधभावाचं आणि तुटलेपणाचं माध्यम, भारत पाहायचा तो रंगात. मला हे निम्मं पटतं. सगळं पटवून घेतलं तर सुधारक ओलवे यांचं मुंबईच्या सफाई कामगारांवरचं काम बाजूला ठेवावं लागेल, आणि ते मी ठेवणार नाही. त्या कामात काळंपांढरं नंतर चढवलेलं वाटत नाही. गटारातला माणूस पाहतानाच तो निर्णय झालेला आहे. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने १९२७मध्ये हाफ डोम या कड्यासमोर उरलेल्या शेवटच्या प्लेटसाठी पिवळा फिल्टर काढून गडद लाल लावला आणि आकाश काळं केलं, तेव्हाही निर्णय बटण दाबायच्या आधीचा होता. आता तो खुर्चीत बसून होतो. त्यालाही माझी हरकत नाही, होत असला तर. बहुतेक वेळा तो होतच नाही.

मुळात ‘रंग काढला’ की काय उरतं, याचा एक असा हिशेब नाहीच. फोटोशॉपमधली ‘डीसॅच्युरेट’ ही आज्ञा शुद्ध तांबडा, शुद्ध हिरवा आणि शुद्ध निळा हे तिन्ही एकाच करड्यात नेऊन बसवते. दुसरा, जास्त चालणारा हिशेब टीव्हीचा आहे. अमेरिकेत १९५३ साली रंगीत प्रक्षेपणाचं मानक ठरलं, तेव्हा घरोघरच्या जुन्या सेटवरही तेच चित्र नीट दिसावं म्हणून हिरव्याला ५९ टक्के, तांबड्याला ३० आणि निळ्याला ११ असं वजन देण्यात आलं. कित्येक प्रोग्रॅम आजही मुकाट्याने तेच वापरतात. म्हणजे आपल्या जत्रेतला कुठला रंग किती उजळ दिसावा, हे सत्तर वर्षांपूर्वीच्या टीव्ही इंजिनिअरांनी ठरवून ठेवलंय आणि आपण त्याला ‘कालातीत’ म्हणतोय.

ज्यांना हे कळलं आहे, त्यांचं काम पाहून मात्र खरंच बरं वाटतं. अलीकडे कोकणातल्या पावसावरचं एका तरुणाचं छोटं प्रदर्शन पाहिलं. त्यात एक गडगा होता. जांभ्याचा, ओला, वर शेवाळ. पाहताना जांभा तांबडा आणि शेवाळ हिरवं, दोन्ही एकमेकांवर ओरडत असतात. पण टीव्हीच्या हिशेबाने दोघांचा करडा जवळपास सारखाच निघतो आणि भिंत सपाट होते. या पोराने हिरवा वर घेतला होता आणि तांबडा दाबला होता. जांभा भिजल्या कोळशाइतका खोल गेला आणि शेवाळ त्यावर आतून उजळल्यासारखं उभं राहिलं. शेजारी त्याच फाइलचा दुसरा प्रिंट, उलट मिश्रणाचा: दगड फिकट, त्याची भोकं न् भोकं दिसताहेत, शेवाळाचे नुसते काळे ओघळ. पहिल्यात श्रावण, दुसऱ्यात चैत्र. फोटो एक, पाऊस एक, ऋतू दोन. हे दोन प्रिंट मी बराच वेळ पाहत उभा होतो. इथे काळंपांढरं करणं म्हणजे रंग नाकारणं नव्हतं. रंग कुणाहीपेक्षा जास्त बारकाईने वाचणं होतं. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर निम्मे ठिपके हिरव्याचे आणि पाव-पाव तांबड्या-निळ्याचे असतात. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७६ साली पेटंट घेतलेली ती जाळी या पोराला नीट ठाऊक होती. निळी बाजू खेचली की सावलीत कचकच उठते, फोनच्या जेपेगमध्ये रंगाचा तपशील उजेडाच्या मानाने कमी जपलेला असतो म्हणून फार ताणलं की चौकटी दिसू लागतात, आकाश काळं करायला गेलं की पानांच्या कडेला पांढरी किनार सुटते. हे सगळं त्याने आधी भोगलेलं होतं, असं प्रिंटवरून दिसत होतं. कुठे थांबायचं ते त्याला कळत होतं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. लग्नाच्या अल्बमात सगळं काळंपांढरं आणि हातातला गुलाब तेवढा लाल, याबद्दल न बोललेलंच बरं. जपानी फोटोग्राफर मोरियामाच्या नावाने फोरास रोडचा डांबर करणारे एक वर्षात कंटाळतील. समुद्रात चार खांब आणि दुधासारखं पाणी, हा प्रकार दंतवैद्याच्या दवाखान्यासाठी ठीक. फोटोग्राफर सालगादोंनी ‘जेनेसिस’ या प्रकल्पाच्या अध्यावर डिजिटल घेऊन त्यावर जुन्या फिल्मचा दाणा चढवला, त्यांना ते शोभलं, कारण अर्धं काम फिल्मवर झालं होतं आणि दोन्ही अर्धे जुळायला हवे होते. ज्यांनी जन्मात रीळ भरलं नाही, त्यांनी दाणा कशाशी जुळवायचा? राहता राहिला लायकाचा २०१२पासूनचा निव्वळ काळापांढरा कॅमेरा. त्यात रंगाची जाळीच नाही, त्यामुळे नंतर पश्चात्तापाची सोय नाही. जांभा आणि शेवाळ वेगळं करायचं तर अ‍ॅडम्ससारखी काच लावा. किंमत मोटारीची आहे, पण शिस्त खरी आहे.

आता मुद्द्याचं. २००७मध्ये फोटोशॉपने काळंपांढरं करण्यासाठी सहा रंगांच्या पट्ट्या दिल्या, लाइटरूमने आठ. त्या आठांतली एक नारिंगी. माणसाची कातडी, कुठल्याही देशाची, गोरी किंवा काळी, प्रामुख्याने या एका पट्टीखाली येते. ती उजवीकडे सरकवली की चेहरा उजळतो, डावीकडे नेली की काळवंडतो. आपल्याकडे ही पट्टी कुठल्या चेहऱ्यासाठी कुठल्या बाजूला जाते, ते पाहा. नवरी असली की उजवीकडे. वीटभट्टीवरची बाई असली की डावीकडे, वर ‘क्लॅरिटी’चा मारा, म्हणजे सुरकुतीची दरी होते आणि घामाचं पोलाद. शनिवारी मंगल कार्यालयात आणि रविवारी भट्टीवर जाणारा फोटोग्राफर एकच असू शकतो. त्याच्या फाइलमध्ये दोघींच्या कातडीचे आकडे शेजारी शेजारी असतील. छापून आल्यावर एक केतकीसारखी आणि दुसरी काजळासारखी.

पूर्वीही असं व्हायचं, असं मला सांगण्यात येतं. व्हायचं. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा दिसत नसे, त्यामुळे आपल्या पणज्यांच्या कपाळावरचं कुंकू काळं आलंय आणि चेहरे होते त्याहून सावळे. पण ती रसायनाची मर्यादा होती. कुणी तसं निवडलेलं नव्हतं. आज कुंकू काळं करायचं, की करडं, की कातडीत विरघळवून नाहीसं करायचं, हे बोटाखाली आहे. फक्त तांबड्याचा चॅनेल घेतला तर भर कपाळावरचं ठसठशीत कुंकू गायब होतं. बाई सवाष्ण की विधवा हे एका पट्टीने ठरतं. एवढी सत्ता हातात असणाऱ्याने ‘मी फक्त रंग काढला’ म्हणू नये.

आणि स्पर्धांचे परीक्षक? त्यांना हा काळोख आवडतो. गरिबी रंगीत असली की तिच्यात निळं प्लास्टिक दिसतं, पोपटी बादली दिसते, मुलीच्या केसातली गुलाबी रिबीन दिसते, म्हणजे तिथे राहणाऱ्यांनी स्वतः निवडलेलं काहीतरी दिसतं. ते निवडलेलं पुसलं की निव्वळ दुःख उरतं आणि दुःखाला पदक मिळतं. रघुबीर सिंगांचं जे निम्मं मला पटतं ते हे.

सहा डिसेंबरचे दादरचे फोटो घ्या. चैत्यभूमीच्या रांगेत निळा नसेल तर ती रांग कशाचीही असू शकते, रेशनची किंवा भरतीची. त्या निळ्यासाठी माणसं गावोगावहून रात्रभर उभ्याने आलेली असतात. फोटोग्राफर तो काढून टाकतो आणि म्हणतो की मला माणूस दिसावा, रंग आड येतो. कुणाच्या आड? एकाच गल्लीत भगवा आणि निळा असे दोन झेंडे असले, तर काळ्यापांढऱ्यात कुठला तळपेल आणि कुठला विझेल हे पट्ट्या ठरवतात. पट्ट्यांना हात न लावला तर कित्येक ठिकाणी टीव्हीचं जुनं वजन ठरवतं, आणि त्यात निळ्याला ११ टक्के आहेत. हात न लावणं हीसुद्धा बाजू घेणंच झालं. कलेच्या नावाखाली हे चालू द्यायचं असेल तर निदान उघड्यावर चालू द्या.

‘वर्ल्ड प्रेस फोटो’ला काळंपांढरं चालतं, पण शेवटच्या फेरीत मूळ फाइल मागून घेतात. ती तज्ज्ञांच्या तपासणीला जाते, प्रेक्षकांपुढे नाही. आपल्याकडच्या स्पर्धांनी आणि दालनांनी एक पाऊल पुढे जावं. प्रत्येक काळ्यापांढऱ्या प्रिंटखाली, शीर्षकाच्या पट्टीएवढ्या आकाराचा, मूळ रंगीत फोटो लावावा. गडग्यावाल्या पोराला त्याचं काही वाटणार नाही, तो आनंदाने लावेल. ज्यांची तक्रार येईल त्यांची नावं मी आत्ताच लिहून देऊ शकतो.